वडापची नाव

गेल्या वर्षीच्या पुरात कुरणवाडीची वेबसाइट सगळ्या गावानं एकदम उघडली, तशी ती बंद पडली. माणसं काढायला येणारी नाव कुठं लागणार, हे तिच्यावरच कळायचं. बाळकू नावाड्याची बहीण ती उघडायची वाट बघत घरात थांबली आणि पुरात गेली.

यंदाही सरपंच सर्जेरावांनी ग्रामसभेत शेअर होस्टिंगचाच ठराव मांडला. म्हणजे एकाच सर्व्हरवर शंभर दुकानांच्या साइट आणि त्यातच गावाची; गर्दी झाली की बंद. बाळकूनं स्वतंत्र सर्व्हर मागितला.

सरपंच हसले. "अरे, एरवी ती साइट बघतंय कोण? चौघांत मिळून वापरली तर बिघडलं काय?"

"काय नाही," बाळकू म्हणाला. "मग यंदा पुरात नाव पण वडापच्या जीपसारखी चालवतो. वाटेतली गिऱ्हाइकं भरत येईन. जागा उरली, तर अंथरुणावरच्या तुमच्या आईसाहेबांना घेईन."

सर्जेराव ताडकन उठले. "पुरात नावेचं वडाप करतात का रे?"

"तेच विचारतोय, सरपंच."

सर्जेरावांनी ठरावातला 'शेअर' शब्द खोडला आणि वर 'स्वतंत्र' लिहिलं.

बाळकूनं ते वाचलं. तो शब्द यायला एक वर्ष उशीर झाला होता.