आजीसकट घर

एका गावात एक भोळा नवरा राहत होता. गाव मात्र आपल्याकडचं नव्हतं. हॉलंड देशातलं जुनं बंदर होतं ते. त्याचं नाव नीट घ्यायचं तर घशात माशाचा काटा अडकल्यासारखा आवाज काढावा लागतो, म्हणून आपण त्याला नुसतं बंदर म्हणू. तिथं कालव्याच्या काठानं तीनतीनशे वर्षांची घरं. अरुंद, उंच, एकमेकांना खेटलेली आणि थोडी पुढं झुकलेली. खिडक्यांना पडदे नाहीत. रस्त्यावरून जाता जाता कुणाकडं काय जेवण आहे ते कळतं.

भोळ्याचं नाव त्रिंबक. मूळचा कराडचा. घर सांभाळायचा आणि आमटी फक्कड करायचा. त्याची बायको हेमांगी समुद्रातला गाळ उपसणाऱ्या जहाजावर इंजिनिअर होती. आठवडाभर पाण्यावर, शनिवारी घरी. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, त्यातली नऊ तिनं एका देशात आणि त्यानं दुसऱ्या देशात काढली होती. आत्ता कुठं दोघं एका छपराखाली आले होते. छप्पर मासळीच्या दुकानावरचं, भाड्याचं, पण एक.

आणि दुकानाच्या मालकानं सांगितलं, सहा आठवड्यांत खोली सोडा.

हेमांगी म्हणाली, "अहो, भाड्यानं दुसरी जागा मिळत नाही इथं. मी कर्ज काढलंय. घर विकत घ्यायचं. मी जहाजावर, तेव्हा बघायचं तुम्ही. आणि सहा आठवड्यांत नाही मिळालं तर मी जहाजावरच मुक्काम करीन, तुम्ही कराडला परत."

त्रिंबकाला कराड आवडत होतं, पण हेमांगीसकट.

"तू सांगशील तसंच करीन," तो म्हणाला. सगळं बिघडलं ते इथंच. त्यात त्याला तिथली भाषा बऱ्यापैकी येत होती. येत नसती तर घर केव्हाच मिळालं असतं.

पहिल्या आठवड्यात वाउटर नावाच्या दलालानं त्याला एका घरी नेऊन सोडलं आणि तो दुसरं गिऱ्हाईक आणायला गेला. घरात नवराबायको होते. फार सज्जन माणसं. बाई म्हणाल्या, "आपलंच घर समजा आणि निवांत बघा. आम्ही तासाभरात फिरून येतो."

त्रिंबकानं घर आपलं समजलं. चपला काढल्या. अंघोळ केली. बनियन धुऊन कालव्याकडच्या खिडकीत वाळत घातला. पिशवीत नुकतीच घेतलेली तूरडाळ होती, ती शिजायला टाकली. दिवाणखान्यातली आरामखुर्ची दाराच्या तोंडावर होती, ती सरकवली. मग डाळ शिजेपर्यंत जरा आडवा झाला.

तासाभरानं बेल वाजली. त्रिंबक डोळे चोळत दार उघडायला गेला.

"कोण पाहिजे?" त्यानं विचारलं.

"आम्ही या घरचे मालक," बाई म्हणाल्या.

"आत्ता नका येऊ," त्रिंबक म्हणाला. "मालक झोपलेत."

शनिवारी हेमांगीनं कपाळावर हात मारला. "अहो, परक्याच्या घरात कशाला हात लावतात का? हात मागं बांधायचे आणि तसंच सगळं घर बघायचं. काही झालं तरी हात सोडायचे नाहीत!"

"हात मागं. सोडायचे नाहीत," त्रिंबक म्हणाला आणि दोनदा घोकलं.

दुसऱ्या आठवड्यात दुसरं घर. घरमालकानं हस्तांदोलनाला हात पुढं केला. त्रिंबकानं हात मागंच ठेवले आणि मान डोलावली. घरमालकाला वाटलं, त्याच्या देशात असंच करत असतील. इथवर ठीक होतं.

मग जिना आला. तिथले जिने इतके उभे असतात की आपल्याकडची माळ्यावर चढायची शिडी बरी. माणसं हातापायांनी चढतात. त्रिंबक नुसत्या पायांनी चढला. मागं वाउटर, त्याच्या मागं घरमालक, त्याच्या मागं मांजर. अकराव्या पायरीवर त्रिंबकाचा तोल गेला.

"हात टेका! हात टेका!" वाउटर ओरडला.

"हात सोडायला परवानगी नाही," त्रिंबक म्हणाला आणि खाली आला.

तो वाउटरवर पडला, वाउटर घरमालकावर. पडतानासुद्धा त्यानं हात सोडले नाहीत, एवढं मान्य करायला हवं. मांजर तेवढं वाचलं, कारण मांजराला कुणी काही शिकवलेलं नव्हतं. घरमालकानं त्याच दिवशी घर दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊन टाकलं. वाउटर मानेला पट्टा बांधून फिरू लागला.

"अहो, डोकं कुठं ठेवलं होतं?" हेमांगीनं विचारलं.

"कुठं? इथंच की," त्रिंबकानं टेंगूळ दाखवलं. "तूच म्हणालीस, हात सोडायचे नाहीत."

"ते वस्तूंचं सांगितलं! जिन्याला कठडा नसला तरी भिंतीला दोरी असते इथं. दोरी दिसली की ती पकडायची घट्ट. आणि वर पोचेपर्यंत सोडायची नाही. सांगा बघू काय?"

"दोरी दिसली की पकडायची. वर पोचेपर्यंत सोडायची नाही."

"शाबास," हेमांगी म्हणाली. माणूस थकला की शाबासकी लवकर देतो.

आता तिथली एक रीत सांगायला हवी. असल्या जिन्यांवरून कपाट चढत नाही की पलंग उतरत नाही. म्हणून प्रत्येक घराच्या अगदी माथ्यावर एक लोखंडी आकडा असतो. त्यावरून दोर टाकतात आणि सामान बाहेरून, खिडकीतून काढतात. तिसऱ्या आठवड्यातलं घर रिकामं व्हायला लागलं होतं. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीबाहेर आकड्याला मालकाच्या पणजोबाचं दोनशे वर्षांचं कपाट लटकत होतं. खाली दोन गडी दोर धरून सावकाश सोडत होते.

त्रिंबकाला दोरी दिसली. त्यानं ती पकडली, घट्ट.

गड्यांना वाटलं, चला, मदतीला माणूस आला. त्यांनी हातांना थुंकी लावायला जरा दोर सोडला. कपाट त्रिंबकापेक्षा जड होतं. कपाट निघालं खाली, त्रिंबक निघाला वर. अर्ध्या वाटेत दोघं समोरासमोर आले. कपाटाला आरसा होता. आरशात ओळखीचा माणूस दिसला म्हणून त्रिंबकानं त्याला मान लववून नमस्कार केला.

दुसऱ्या मजल्यावर शेजारचं कुटुंब खिडकीशी जेवायला बसलं होतं. "सावकाश होऊ द्या," त्रिंबक त्यांना म्हणाला आणि आणखी वर गेला.

खाली वाउटर मानेचा पट्टा धरून ओरडत होता, "सोडू नका! दोर सोडू नका!"

"वर पोचेपर्यंत नाही सोडत!" त्रिंबकानं वरून कळवलं.

तेवढ्यात त्याचं डोकं आकड्याला लागलं. वर पोचला होता. त्यानं सोडला.

कपाट नुकतंच सुखरूप जमिनीवर टेकलं होतं. दोनशे वर्षांत त्यानं दोन पूर आणि एक आग पाहिली होती. त्रिंबक त्याच्यावर बसला आणि कपाट संपलं. त्रिंबकाला काही झालं नाही. घर मात्र गेलं.

हेमांगी या शनिवारी रागावलीसुद्धा नाही. ती खाटेवर बसली आणि रडायला लागली. "निम्मे आठवडे गेले हो. आता मला नाही राहवत एकटीला त्या जहाजावर. चौदा वर्षांत आपण एकत्र दिवाळ्या किती केल्या, मोजा." त्रिंबकानं मोजल्या. एका हाताची बोटं पुरली. त्यालाही रडू आलं. त्या दिवशी आमटीत मीठ घालावं लागलं नाही.

मग डोळे पुसून ती म्हणाली, "ऐका. काहीही हातात धरायच्या आधी ते ढकलून बघायचं. हललं, तर धरायचं नाही. जागचं नाही हललं, तर खुशाल धरायचं. एवढं कराल?"

"आधी ढकलायचं. मग धरायचं," त्रिंबक हुंदका देत म्हणाला.

चौथ्या आठवड्यातलं घर होतं नेलीआजींचं. आजी त्र्याऐंशी वर्षांच्या, एका कोळ्याच्या विधवा, हाडापेरानं दणकट. गुडघे जिन्याला कंटाळले म्हणून घर विकून बहिणीकडं राहायला निघाल्या होत्या. बारा गिऱ्हाइकं येऊन गेली होती. कुणी म्हणालं घर वाकडं आहे, कुणी म्हणालं ओल आहे. आजींनी बाराही जणांना हाकललं होतं. त्रिंबक आला तेव्हा त्या कालव्याकडं तोंड करून दारात उभ्या होत्या. त्यांनी हस्तांदोलनाला हात पुढं केला.

हात धरायचा होता. त्रिंबकानं आधी आजींना ढकललं.

आजी तसूभर हलल्या नाहीत. त्रिंबकाला इतका आनंद झाला की त्यानं खात्रीसाठी पुन्हा ढकललं. मग आजींनी ढकललं. एकदाच. त्रिंबक पायरीवरून निघाला तो थेट कालव्यात.

आजींनी होडीचा आकडा आणला आणि कॉलरला अडकवून त्याला बाहेर काढलं. डोकं पुसलं. कॉफी दिली आणि तिकडच्या रिवाजाप्रमाणं एक बिस्किट दिलं. एकच.

"मला का ढकललंत?" त्यांनी विचारलं.

"धरण्यासारख्या आहात का ते बघत होतो," त्रिंबक म्हणाला. "आहात."

आजी हसायला लागल्या. कप खाली ठेवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. नवरा गेल्यापासून त्या अशा हसल्या नव्हत्या. "घर तुम्हालाच," त्या म्हणाल्या. वाउटरनं हे तीनदा विचारून घेतलं.

शनिवारी त्रिंबक कपाळावरचा हात बघायला तयार बसला होता. पण हेमांगीनं त्याला मिठीच मारली. पुढच्या शनिवारी नोटरीपुढं सह्या झाल्या. नगरपालिकेचा माणूसही आला होता, कारण घर ऐतिहासिक होतं. त्यानं एक कागद दिला. त्यावर दोन कलमं होती. या घरात पन्नास वर्षांहून जुनं जे काही असेल ते बाहेर नेऊ नये. पन्नास वर्षांच्या आतलं काहीही पालिकेच्या परवानगीशिवाय आत बसवू नये.

त्या माणसाच्या मनात खिडक्या, तुळया आणि फरशा होत्या. पण त्यानं तसं लिहिलं नव्हतं. सरकारी माणूस सगळीकडं सारखाच.

हेमांगीला जहाज गाठायचं होतं. तिनं किल्ली आणि कागद त्रिंबकाच्या हातात दिले. "आजी सोमवारी जातील. शुक्रवारी तुम्ही खोली सोडा. मी शनिवारी सामान घेऊन थेट नव्या घरी येते. आणि हा कागद जपा. यातलं काही मोडलं तर घर हातचं जाईल आणि आपण पुन्हा दोन देशांत. तेव्हा या खेपेला स्वतःचं डोकं चालवू नका. अक्षर न् अक्षर पाळा."

"अक्षर न् अक्षर," त्रिंबक म्हणाला. त्यानं कागद छातीशी धरला. आता घर जाऊ द्यायचं नाही, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

शनिवार उजाडला. हेमांगी टेम्पो भरून आली. चौदा वर्षांत पहिल्यांदा ती स्वतःच्या घरी येत होती. टेम्पोत तिनं नवी साडी नेसली होती, हातात वाटी होती, वाटीत हळदकुंकू. गल्लीत शिरली तर घरासमोर ही गर्दी. मधोमध पायरीवर त्रिंबक बसलेला. जवळ स्टोव्ह, स्टोव्हवर आमटी. आणि खिडकीतून नेलीआजी मान बाहेर काढून जेवत होत्या.

"अहो, हे काय? आजी अजून इथंच?"

"त्यांना कसं जाऊ देणार?" त्रिंबक दबक्या आवाजात म्हणाला. "त्र्याऐंशी वर्षांच्या आहेत. पन्नासहून जुनं बाहेर न्यायचं नाही. सोमवारी त्यांचा जावई गाडी घेऊन आला होता. मी दारात आडवा झोपलो. मंगळवारी बहीण आली, ती तर शहाऐंशीची. तिला आत बसायला हरकत नव्हती, पण एकदा बसली की तिलाही सोडता आलं नसतं. म्हणून हात जोडून परत पाठवली."

"आणि त्या खिडकीतून काय जेवतायत?"

"आमटी ताजी असते ना. ताजं आत नेता येत नाही. म्हणून त्या मान तेवढी बाहेर काढतात. मानेखालच्या आजी आतच असतात, मी लक्ष ठेवून आहे."

"आमटी छान आहे," आजी खिडकीतून म्हणाल्या. "पण मला जायचंय."

हेमांगीनं वाटी खाली ठेवली. कपाळावर मारायला हात उचलला, तो तिथंच राहिला. "आणि तुम्ही? खोली तर काल सोडलीत. रात्री झोपलात कुठं?"

"या पायरीवर. कालच नव्हे, सोमवारपासून. मी सेहेचाळीसचा. मला चार वर्षांनी आत जाता येईल."

उंबरठ्याकडं हेमांगीनं एक पाऊल टाकलं. त्रिंबक चटकन उठला आणि दोन्ही हात पसरून दारात उभा राहिला.

"तू तर एक्केचाळीसचीच," तो म्हणाला. "तुला नऊ वर्षं आहेत. पण मी ठरवलंय, चार वर्षांनी माझा नंबर लागला तरी मी एकटा आत जायचा नाही. पुन्हा वेगळं राहणं नको. तुझी पन्नाशी होईपर्यंत मी इथंच बाहेर थांबेन, मग दोघं बरोबर आत जाऊ."

असं म्हणून तो सरकला आणि पायरीवर त्यानं तिला जागा करून दिली.