पारावर बसवलेला राजा

"बावन्नच्या बावन्न पेठा, आणि त्याही दिवेलागणीच्या आत!" महाराज रणधवलांनी हुकूम सोडला आणि वेशीवरच्या वाटाड्यांची तोंडं पांढरी पडली.

झालं होतं असं. शेजारचे राजे मैराळदेव बावनपेठ नगरी बघायला आले होते. आता नगरी बघायची म्हणजे पायी हिंडायला हवं. पण राजांचे गुडघे धरलेले. पालखीत बसवावं तर चार पावलांत मळमळ. आणि गल्ल्या अशा अरुंद की घोडा आत शिरला तर वळायला दुसऱ्या पेठेत जावं लागे. म्हातारा वाटाड्या रखमाजी त्यांना दोन देवळं नि एक बारव दाखवून दमला. रात्री जेवताना पाहुणे सहज म्हणाले, "छोटंसंच आहे हो तुमचं गाव." महाराजांना ते असं झोंबलं म्हणता!

"उद्या संध्याकाळी मी स्वतः पाहुण्यांना विचारीन," ते रखमाजीला म्हणाले. "कुठल्याही पेठेचा ठावठिकाणा त्यांना सांगता आला पाहिजे. नाही आला, तर परवापासून एकाही वाटाड्यानं वेशीवर बसायचं नाही."

वाटाडे वेशीवर ज्या ओट्यावर बसत, त्यावर त्यांची बारा घरं जगत होती. रखमाजी घरी आला आणि ताटावरून तसाच उठला. त्याची लेक ठमी, लहानपणापासून बापाच्या मागं गल्ल्या तुडवलेली. बापाला असं पाहून रडत बसणारी ती पोरगी नव्हती.

"बाबा, उद्या पाहुण्यांना मी नेते," ती म्हणाली.

"नेणार कुठं, माझे आई?"

"चौकातल्या पारावर. तेवढंच."

सकाळी तिनं चार नोकरांकडून राजांसकट खुर्ची उचलवली, वाड्यासमोरच्या पारावर ठेववली, आणि दवंडीवाल्याच्या कानाला लागली. घटकाभरात गल्लोगल्ली डफ वाजायला लागला. ऐका हो ऐका! पारावर एक जण बसलाय. वय साठ, मिश्या पांढऱ्या, अंगात जरीचा अंगरखा. आपण कुठल्या पेठेत आहोत, हे त्याला ठाऊक नाही. घरचं कुणी जवळ नाही. येऊन बघून जावं!

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

बावनपेठेची रीतच होती ती. गल्ल्यांचा गुंता असा, की रोज एखादं तरी पोर हरवायचंच. ते सापडलं की पारावर बसवायचं नि दवंडी पिटायची. मग प्रत्येक पेठेतून कुणीतरी येऊन बघायचंच, न जाणो, आपलंच असलं तर! भेदरलेल्या पोराला घर काही सांगता येत नाही, म्हणून येणारा आपल्याच पेठेच्या खुणा त्याला सांगून बघायचा. आणि हातावर काहीतरी खाऊ ठेवायचा.

पहिली आली एक तांबटीण. तिनं राजांच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले आणि विचारलं, "बाबा, तुमच्याकडं पहाटेपासून ठोकाठोक ऐकू येते का? तोंडाशी वाकडी चिंच, मग शनीचं देऊळ?"

"बाई, मी राजा आहे," मैराळदेव ताठ बसून म्हणाले.

"असाल हो. आमचा दिगू हरवला तेव्हा तो वाघ होता," तांबटीण म्हणाली नि तिनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

राजांच्या पाठीवरून असा हात कित्येक वर्षांत कुणी फिरवला नव्हता. ते मुकाट्यानं शेंगदाणे खाऊ लागले. मग कोष्टी आले, बुरूड आले, अत्तरवाले आले, कासारणी आल्या. कुणी करंजी दिली, कुणी उसाचा करवा. जो तो आपली पेठ सांगे, आणि पेठेबरोबर तिथली भांडणंही सांगे. दुपारपर्यंत राजेच उलट विचारायला लागले, की मग त्या विहिरीवरून उजवीकडं गेलं तर कुठं निघतं? संध्याकाळी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि पाहुण्यांच्या पोटातही.

दिवे लागले. महाराज प्रधानांना घेऊन आले आणि त्यांनी मुद्दामच अवघड पेठ काढली. "बुरूडआळी कुठं आहे, सांगा पाहू."

"तेलघाण्याच्या मागं," मैराळदेव म्हणाले. "तोंडाशी एक पांढरी शेळी बसलेली असते, तिला ओलांडूनच आत जावं लागतं. डाव्या हाताला बुजलेली विहीर. तिसऱ्या घरातल्या सासूसुना सहा महिने बोलत नव्हत्या, परवापासून बोलतात."

"अगदी बरोब्बर!" गर्दीतून दोन बुरडिणी ओरडल्या, एक सासू आणि एक सून.

महाराजांनी आणखी चार पेठा विचारल्या. पाहुणे एकीलाही अडखळले नाहीत. शेवटी मिशीला पीळ देत मैराळदेव म्हणाले, "आता मी विचारतो. कोष्टीपुऱ्यातून अत्तरगल्लीत जायला जवळची वाट कुठली?"

महाराजांनी प्रधानांकडं पाहिलं. प्रधानांनी आभाळाकडं पाहिलं. दोघंही जन्मभर हत्तीवरून राजरस्त्यानंच हिंडलेले! रखमाजीला वाटलं, आता ओटाही गेला नि डोकंही.

ठमी हात जोडून पुढं झाली. "महाराज, अजून एक जण हरवलेला दिसतोय. उद्याची दवंडी आत्ताच सांगून ठेवू का?"

मग महाराजच असे खदखदून हसले, की त्यांच्या डोक्यावरचा मंदील घसरला. वेशीवरचा ओटा त्यांनी तिथल्या तिथं बारा घरांना पिढ्यान्‌पिढ्यांसाठी लिहून दिला आणि हातातलं सोन्याचं कडं काढून ठमीच्या हातात घातलं.

"सांग दवंडीवाल्याला," ते म्हणाले. "वय पन्नास, मिश्या काळ्याभोर."

ठमीनं त्या मिश्या जवळून निरखल्या; कलपाखाली मुळं पांढरी होती. "महाराज, दवंडीत खोटं सांगितलं तर बघायला कोण येणार?"

महाराज पुन्हा हसले, आणि दुसरं कडंही काढून दिलं.