अंबाडीचा काळपट बटवा

झाडं कापण्याआधी माणसं त्यांच्याशी दोन शब्द बोलत, त्या काळातली ही गोष्ट. हौसामावशी अंबाडीच्या वाखाचे, म्हणजे सालीच्या धाग्यांचे, बटवे विणायची. भिजून वाख सुटावा म्हणून तिने अंबाडीची मोळी तळ्याकाठी आणून ठेवली.

“माझ्या बटव्याला कुणाचं कातडं लागत नाही,” अंबाडी तळ्यातल्या मरळ मासोळीला म्हणाली. “एकही जीव मरत नाही.”

“तू पाण्यात कुजायला लागलीस की बारक्या माशांचा श्वास कोंडतो,” मरळ म्हणाली. “माझी पिल्लं कालच अंड्यांतून बाहेर आलीत.”

काठावरचा बेडूक हसला. “मग बटव्यावर लिहून टाक ना बाई, कातडं नाही, फक्त मासे गेले!”

मोळीवर ठेवायला दगड घेऊन हौसामावशी आली, तेव्हा अंबाडी म्हणाली, “मावशी, मला तळ्यात नको, घरामागच्या खड्ड्यात भिजव.”

“खड्ड्यात वाख काळा पडतो गं. मग तुला कोण घेणार?”

“नाही घेतलं तर नाही. पण तळ्यात नको.”

मावशीने खड्डा पाण्याने भरला. त्या वाखाचा बटवा काळपट झाला आणि तीन बाजार मावशीच्या दुकानात खुंटीलाच राहिला. शेजारच्या दुकानातले अंबाडीचेच पांढरे बटवे मात्र भराभर खपले.

चौथ्या बाजारी एका मुलीने विचारलं, “हा असा काळा का?” मावशीने तळ्यापासून सगळं सांगितलं. मुलीने ते ऐकून घेतलं, शेजारी जाऊन एक पांढरा बटवा उचलला आणि दुकानदाराला विचारलं, “काका, हा कुठे भिजला होता?”

दुकानदाराने बटवा उलटापालटा करून पाहिला. त्याला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.