उंच मारणारी काठी

फार पूर्वी, चेंडू आणि काठ्या बोलत असत तेव्हा, टेकडीवरच्या गोल्फच्या मैदानात एक लांब काठी होती. तिच्या डोक्याला मागच्या बाजूने एक छोटं वजन स्क्रूने बसवलेलं होतं. त्यामुळे तिचा चेंडू सरसर वर चढायचा आणि लोक माना उंचावून बघायचे. काठीला त्याचा भारी तोरा!

सामन्याच्या आदल्या दिवशी तिची मालकीण यामिनीताई सरावाला आली. समोरून सोसाट्याचा वारा होता आणि मध्ये तळं. काठीने चेंडू उंच उडवला. वाऱ्याने तो वरच अडवला आणि खाली तळ्यात टाकला. दुसराही तसाच बुडाला.

तिसरा चेंडू घाबरून म्हणाला, "काठीताई, जरा खालून न्या हो मला. मला पोहता येत नाही!"

"खालून? मग माझ्याकडे बघणार कोण?" काठी फणकारली.

यामिनीताईने स्क्रू सोडवला आणि वजन मागून काढून पुढे, चेंडूला भिडणाऱ्या बाजूजवळ बसवलं. काठी रुसली, पण फटका बसलाच. चेंडू वाऱ्याच्या खालून सुसाट गेला.

काठी आभाळात शोधत राहिली. चेंडू कुठेच दिसेना. ती ओरडली, "अरे, तूही बुडालास की काय?"

तळ्यापलीकडच्या गवतातून आवाज आला, "नाही हो! कोरडा ठणठणीत आहे!"

काठीने सुटकेचा निःश्वास टाकला. मग ती यामिनीताईला हळूच म्हणाली, "उद्याही वजन इथेच राहू दे."