भिवा साळिंदराची शेवटची खेप

फार वर्षांपूर्वी एका रानात वनरक्षकाच्या जागेसाठी दरसाल परीक्षा होई. भिवा साळिंदर तिला सहाव्यांदा बसला होता. वय सरत आलेलं, त्यामुळे ही शेवटची खेप. सोबतीला त्याचा मित्र दगडू ससा होता. दगडूच्या डोक्यात रानाचे कायदे काही केल्या शिरत नसत, म्हणून भिवा रोज आपला अभ्यास बाजूला ठेवून त्याला ते समजावून सांगे.

निकाल लागला. जागा एकच होती, ती दगडूला मिळाली. भिवा एका गुणाने मागे राहिला. दगडू मान खाली घालून त्याच्यापुढे उभा राहिला.

"वेड्या, आधी घरी जाऊन सांग," भिवा म्हणाला.

बिळाशी भिवाची आई वाट पाहत होती. "कोणाचं झालं रे?"

"आपल्या दगडूचं."

"आणि तुझं?"

भिवा तिच्याशेजारी टेकला. मग म्हणाला, "कायद्याचा पेपर त्याला सगळ्यांत सोपा गेला, आई."