भंडाऱ्यातले वाढपी

आई गेली त्याच्या आदल्या दुपारी ती वाल सोलत बसली होती. यंदाही मठाच्या उत्सवात ही कथा मीच सांगणार, हे तिला ठाऊक होतं. "माझं नाव घेऊ नकोस हं," ती नेहमीसारखी म्हणाली. "'एक बाई' म्हण."

तर, सोमपुरी महाराज आंबेदऱ्याच्या मठात उतरले होते. गावात एक बाई होती. तीन उनाड पोरांना ती रोज जेवू घालायची. एकाचा बाप दारूत बुडालेला, दुसऱ्याचे आईबाप ऊसतोडीला गेलेले, तिसऱ्याला शाळेनंच हाकललेलं. पोरं कोंबड्या पळवत. मठाची दानपेटीही त्यांनीच फोडली होती.

भंडाऱ्याला वाढपी कमी पडले. महाराज म्हणाले, "बाई, तुमची पोरं आणा."

"चोरांच्या हाती बुंदी?" गावचे मानकरी अप्पासाहेब देसाई हसले. "वाढतील कमी, खिशात घालतील जास्त! आज बुंदी कमी पडली, तर फौजदाराला सांगून तिघांना सुधारगृहात धाडतो."

बाई एवढंच म्हणाली, "भुकेलं पोर चोरतं, अप्पासाहेब. त्याच्या हाती टोपलं देऊन तर बघा."

शेजारच्या गावांतूनही माणसं लोटली. दुसऱ्याच पंगतीला कढईचा तळ दिसू लागला.

"बघा! कुठे गेली बुंदी?" अप्पासाहेबांनी फौजदाराकडे माणूस पिटाळला.

धाकटा म्हाद्या रडकुंडीला आला. "मावशे, देवाशप्पत, एक कण बी तोंडात टाकला नाय!"

महाराजांनी आपली खांद्यावरची भगवी छाटी कढईवर पांघरली. "म्हादबा, वाढ बाळा."

म्हादबा! असं त्याला कुणी कधी हाकारलंच नव्हतं. त्यानं छाटीखाली टोपलं घातलं, ते भरून निघालं. पुन्हा घातलं, पुन्हा भरलं! अप्पासाहेबांनी स्वतः झारा घातला, तर तो रित्या तळावर खणखणला. पोरं मात्र धावत होती, "घ्या हो आजोबा, लाजता काय!" म्हणत आग्रह करत होती. काय आनंद लोटला होता त्या अंगणात!

शेवटी अप्पासाहेब पानावर बसले. म्हाद्यानं त्यांना भरभरून वाढलं.

"तू जेवलास का रे?"

"वाढपी शेवटाला जेवतो, अप्पा."

त्यांचा घास हातातच राहिला. उठून ते महाराजांच्या पायाशी वाकले.

"आधी तिकडे," महाराज म्हणाले.

अप्पासाहेब बाईपुढे वाकले. मग टोपलं उचलून त्यांनी पोरांना वाढलं, आणि आता त्यांच्याही हाताला बुंदी लागली! फौजदार आला, तोही पंगतीला बसला.

म्हादबा आज मठाचं कोठीघर सांभाळतात. बघा, दाराशी उभे राहून मला आवरायला खुणावताहेत.

आणि ती बाई? तिचं नाव भिवराबाई. ती माझी आई. रागावली तर रागावू दे.