शेणकिडीची खूण

रानाची मोजदाद रानातलेच करीत, त्या काळची ही गोष्ट. गव्यांच्या माळावर इथले भुंगे कोण आणि उपरे कोण, हे लिहायचं काम साळुंकीकडे होतं. वहीत ज्याचं नाव नाही त्याने माळ सोडायचा, असा नियम होता.

सोनकिड्याच्या चकाकीवर साळुंकीने अर्धं पान भरलं. गेंडाभुंग्याच्या शिंगाचं तर चित्रच काढलं. शेवटी शेणाची गोळी मागच्या पायांनी ढकलत एक काळी शेणकिडी आली.

"तुझी खूण सांग," साळुंकी म्हणाली. "रंग नाही, शिंग नाही. तुला ओळखायचं कशावरून?"

"आधी गोळी पुरते. हिच्यात मला अंडं घालायचंय."

"मला वेळ नाही. नाव गाळू का तुझं?"

शेणकिडीने सावकाश गोळी पुरली, पाय झाडले आणि मान वर केली.

"बाई, महिन्यापूर्वी गव्यांचा अख्खा कळप इथे आठ दिवस बसला होता. त्यांचं शेण दाखव बरं मला."

साळुंकीने चहूकडे पाहिलं. शेणाचा एक पो दिसेना. भुसभुशीत माती होती, आणि तिच्यात साळुंकी बुडेल एवढं हिरवंगार गवत.

"माझ्या आईने हेच केलं, आजीने हेच केलं, पणजीनेही हेच केलं," शेणकिडी म्हणाली. "खूण माझ्या अंगावर काय शोधतेस? तू तिच्यावर उभी आहेस."

साळुंकी हळूच बाजूच्या दगडावर जाऊन बसली. मग तिने वहीचं नवं पान उघडलं.